न विणलेला अंतरपाट

अख्ख्या भिवंडीत सूत न कातता, ताण्याचा बीम न भरता आणि लूमला बोटही न लावता कापड करून दाखवणारा एकच माणूस आहे, आणि माझ्या गेल्या जन्मीच्या कुठल्याशा पापापायी तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या ताईंना, नारपोलीच्या या घरात दिलं तेव्हा सासऱ्यांनी जावयाबद्दल एवढंच सांगितलं होतं, की मुलगा शांत आहे, निर्व्यसनी आहे आणि फारसा बोलत नाही. यातलं निर्व्यसनी तेवढं खरं ठरलं, तेही दारूपुरतं. आम्ही दोघंही एकमेकांना 'साडूभाऊ'च म्हणतो, त्यामुळे आमचं फोनवरचं बोलणं ऐकणाऱ्याला कोण कोणाचा कोण ते उमगत नाही. समोरासमोर मात्र ओळखायची सोपी खूण आहे. ज्यांच्या अंगाला आंबट वास येतो ते साडू, आणि शेजारी कपाळाला हात लावून बसलेला असतो तो मी.

हे खूळ डोक्यात शिरलं कसं, ते आधी सांगतो. साडू आयुष्यभर एका प्रोसेस हाऊसमध्ये केमिस्ट होते. लूमवरून उतरलेलं कापड तिथं धुऊन, रंगवून निघायचं. सुती कापडावर बारीक लव असते, ती काढायला एक एन्झाइम वापरतात. ते एन्झाइम कापसालाच खातं, पण अगदी बेताबेतानं, वरवरचं. खाणं झालं की त्याला वेळेवर थांबवायचं, नाहीतर शर्टाची जाळी व्हायची. साडूंनी या एन्झाइमला जन्मभर जेवू घातलं आणि वेळेवर उठवलं. मग ते निवृत्त झाले, आणि एके दिवशी दाढी करता करता अर्ध्या साबणानिशी बाहेर येऊन ताईंना म्हणाले, "अगं, कापूस खाणारं एन्झाइम असतं, तर कापूस करणारंही असणारच की!" ताई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "असेल. कानामागचा साबण पुसा."

आणि अहो, ते खरंच असतं! एका जातीच्या जिवाणूंच्या अंगात ते असतं. त्यांना गोड पाणी मिळालं, की हे एन्झाइम साखरेचा कण कणाला जोडत सुटतं, आणि दोनचार दिवसांत पाण्यावर पांढरी साय धरते. ती साय म्हणजेच सेल्युलोज. कापसाच्या बोंडात असतं तेच, फक्त बोंड नाही, शेत नाही, सरकी नाही. साय धुवा, वाळवा, की झालं कापड. साडूंना हे कळलं तो दिवस आमच्या कुटुंबाच्या पत्रिकेत शनीचा प्रवेश म्हणून मांडायला हवा. वडिलांपासून चालत आलेल्या शेडमधले उरलेसुरले लूम त्यांनी काढून टाकले, आणि जुनी कांजीची टाकी, ज्यात कधीकाळी सुताला खळ द्यायचे, ती घासूनपुसून मधोमध मांडली. कुठल्याशा कॉलेजातून एका बरणीत जिवाणूंचं विरजण आणलं. घरात नवी सून यावी तसं ताईंनी त्या बरणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पुढं काय वाढून ठेवलंय हे त्या माउलीला तेव्हा ठाऊक नव्हतं.

या जिवाणूंना सगळ्यात प्रिय काय, तर नारळाचं पाणी. झालं! साडूंना साऱ्या जगात नारळ दिसू लागला. शहाळेवाल्याकडे उरलेलं पाणी, देवळात सांडणारं पाणी, लग्नाकार्यातलं पाणी, सगळीकडे हा माणूस स्टीलचं पातेलं घेऊन हजर. मी काल्हेरला एका गोदामात सुपरवायझर आहे. आमच्या शेठनं नवं गोदाम घेतलं, तेव्हा मी चुकून साडूंना म्हटलं की उद्या नारळ फुटणार. माझीच जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ऐन मुहूर्ताला शेठनं नारळ आपटायला हात वर नेला, आणि गर्दीतून साडू पातेल्यासकट असे झेपावले, की दोघातिघांना वाटलं शेठवर हल्लाच झाला. "फोडा, बिनधास्त फोडा," साडू उंबऱ्यापाशी उकिडवे बसून म्हणाले, "फक्त धार इकडे येऊ द्या!" मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण शेठ भाविक माणूस. त्याला वाटलं हा एखादा विधीच असावा. त्यानं पातेल्याला वाकून नमस्कार केला, त्यात नोट टाकली, आणि योगायोगानं त्या गोदामाला पहिल्याच महिन्यात मोठी पार्टी मिळाली. तेव्हापासून काल्हेरच्या त्या पट्ट्यात नवं गोदाम उघडायचं असलं की मला फोन येतो, "वो पतीलेवाले अंकल को जरूर लाना, भाई." पूजेला भटजी उशिरा आले तरी चालतं, साडू आल्याशिवाय नारळ फुटत नाही.

बरं, नारळपाणी मिळालं म्हणजे संपलं असंही नाही. साय धरायला पाणी निश्चल लागतं. जरा हललं की थर फाटतो. आता मला सांगा, नारपोलीत निश्चल काय असतं? इथं भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, कपातला चहा हलतो, म्हाताऱ्यांची कवळी ग्लासात नाचते. पलीकडच्या शेडमध्ये अन्सारीचाचांचे लूम अहोरात्र धडधडतात. चाचा यूपीतून तरुणपणी आले ते इथलेच झाले, साडूंच्या वडिलांच्या वेळेपासूनचा शेजार. साडूंनी त्यांना जाऊन गंभीरपणे विनंती केली, की चाचा, जरा हळू चालवता येईल का? चाचा त्यांच्याकडे बघून म्हणाले, "भाईसाब, ये पावरलूम है. कव्वाली नहीं, कि धीमे सुर में शुरू करूँ." मग साडूंनी माझ्या गोदामातून ट्रकच्या जुन्या ट्यूब नेल्या, त्यांत हवा भरली आणि अख्खी टाकी त्यांवर ठेवली. कंपन थांबलं, पण टाकीजवळ शिंकायला बंदी आली. पाहुण्यांनी चपला काढून, चवड्यांवर चालत आत यायचं. शुक्रवारी लूम बंद असत, तेव्हा सगळ्यात छान थर धरायचा. त्याला ते 'शुक्रवारची साय' म्हणायचे आणि असा चेहरा करायचे, जणू आपण स्वतः घुसळून लोणी काढलंय.

या सायीनं काय होत नाही, असं विचारायची सोय नव्हती. "खाता येतं, नेसता येतं, जखमेवर बांधता येतं, कागद होतो, चामडं होतं," साडू बोटांवर मोजून सांगायचे, आणि प्रत्येक गोष्ट सिद्ध करून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. एकदा त्यांच्याच स्कूटरच्या सायलेन्सरवर माझी पोटरी भाजली. मी बोंबलतोय, तर यांच्या तोंडावर आनंद मावेना! धावत जाऊन ओल्या सायीचा तुकडा आणला आणि पोटरीवर चिकटवला. खोटं कशाला बोला, आग थांबली. पण पुढे रोज सकाळी ते माझ्या घरी यायचे, माझी विजार गुडघ्यापर्यंत वर करायचे, भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "वा! कशी छान बसलीये!" पाय कसा आहे हे त्या माणसानं एकदाही विचारलं नाही. पुढे त्यांनी वाळलेल्या सायीच्या चपला केल्या, त्या दारात काढून ठेवल्या, आणि चाचांच्या बकरीनं उजव्या पायाची चप्पल पट्ट्यासकट खाल्ली. दुसरा कुणी असता तर बकरीमागे काठी घेऊन धावला असता. साडू संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर स्टूल टाकून बसले, आणि बकरी खुशाल रवंथ करतेय असं बघितल्यावर मला फोन केला, "साडूभाऊ, पचलं! चामड्यासारखी टिकते आणि तरी पचते, असली चप्पल जगात आहे का दुसरी?" त्या दिवसापासून ते घरी येईल त्याला सायीचा तुकडा साखर लावून खायला द्यायला लागले. आधी स्वतः खाऊन दाखवायचे, मग समोरच्याला द्यायचे. या सवयीनंच पुढे घात केला.

घरात त्यांची बाजू घेणारं एकच माणूस होतं, त्यांची एकुलती एक मुलगी हर्षाली, आमची हर्षू. नोकरीवरून आली की ती पर्स टाकून आधी टाकीत डोकावायची. दोघं बापलेक टाकीच्या कडेला बसून हळू आवाजात बोलायचे, कारण मोठ्यानं बोलायची बंदी होती. तिला बघायला खारबावची मंडळी आली, तेव्हा घरभर आंबट वास. मुलाचे काका, चांगले भरभक्कम मिशांचे गृहस्थ, नाक उडवत म्हणाले, "लोणचा घातलाय का वो?" ताईंनी पदरात तोंड लपवलं. मुलगा मात्र उठून सरळ शेडमध्ये गेला, चपला न सांगता बाहेर काढल्या, टाकीत वाकून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ऊन लागलं तर चालतं का याला?" साडू धावत माजघरात आले आणि सगळ्यांदेखत ताईंना म्हणाले, "माझ्याकडून पसंत आहे." त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं, हर्षूचं विचारायचं होतं. नशिबानं तिचंही तेच होतं.

साखरपुड्याच्या दिवशी मात्र साडूंनी कहर केला. जेवणं झाली, पानसुपारी फिरली, आणि हे उभे राहिले. "लग्नात अंतरपाट कोरा लागतो," ते म्हणाले. "न धुतलेला, न वापरलेला. पण बाजारातला कोरा म्हणजे काय? त्याला लूमनं हाताळलेलं असतं, खळ लागलेली असते, दुकानदाराची मीटरपट्टी लागलेली असते. माझ्या पोरीचा अंतरपाट मी उगवणार. त्याला कुणाचा म्हणजे कुणाचा हात लागलेला नसेल." खारबावचे काका मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आनि न्हाय उगावला त?" साडू काही बोलायच्या आत ताई उठल्या. माझ्या मेहुणीला मी इतकी वर्षं ओळखतो, पण तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "नाही उगवला," त्या म्हणाल्या, "तर टाकी भंगारात जाईल आणि शेड गोदामाला भाड्यानं जाईल. सांगा सगळ्यांसमोर, कबूल?" साडूंनी हर्षूकडे बघितलं. ती हसत होती. "कबूल," साडू म्हणाले.

मग काय विचारता! पहिला मोठा तागा धरला तो लांबरुंद, एकसंध, बोट ठेवायला जागा नाही. तो वाळवून, मऊ राहावा म्हणून ग्लिसरीन लावून त्यांनी उजेडात धरला, आणि पलीकडून ताईंचा आवाज आला, "मला तुम्ही दिसताय." कापड छान होतं, पण तेल लागलेल्या कागदासारखं आरपार दिसत होतं! आता अंतरपाटाचं काम काय? वधूवरांनी एकमेकांना दिसू नये, एवढंच ना? आडपडदाच पारदर्शक निघाला म्हणजे संपलंच की सगळं. साडूंचं तोंड एवढंसं झालं. ते तो फाडून टाकायला निघाले होते, पण हर्षूनं हातातून काढून घेतला, गुंडाळी केली आणि आपल्या कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. "राहू दे पप्पा. मला आवडलाय." साडू म्हणाले, "तो नापास आहे, बाळा. मी जाड करतो," आणि पुन्हा टाकीला लागले. यावेळी थर पोसायला त्यांनी कसलीच कसर ठेवली नाही. नारळपाणी कमी पडलं म्हणून मीसुद्धा, हो मीसुद्धा, ड्युटीवरून येताना शहाळेवाल्याकडून कॅन भरून आणायला लागलो. गोदामातली पोरं मला हसायची. मी त्यांना रागे भरायचो आणि कॅन जपून स्कूटरला बांधायचो.

तागा असा काही जमला म्हणता, की शहाळ्यातली घट्ट मलईच अख्ख्या टाकीभर पसरलीय असं वाटावं. त्यातून सूर्यसुद्धा दिसला नसता. ताई म्हणाल्या, आता काढा, वाळायला वेळ लागेल. पण साडूंचा हात धजेना. "आणखी एक दिवस वाढू दे, आणखी एक दिवस," असं करत करत हळदीचा दिवस उजाडला तेव्हा त्यांनी तो बाहेर काढला. बेत असा, की आंबटपणा जायला दिवसभर स्वच्छ पाण्यात ठेवायचा, संध्याकाळी फळ्यांत दाबायचा, पंख्याखाली वाळवून सकाळी इस्त्री करायची. एवढा मोठा तागा मावेल असं भांडं घरात नव्हतं. पण मांडवामागे आचाऱ्यांची चांगली न्हाणीघराएवढी तपेली मांडलेली होती. त्यातलं एक रिकामं बघून साडूंनी तागा त्यात भिजत घातला, वर झाकण ठेवलं, आणि निश्चिंत मनानं हळद लावून घ्यायला गेले.

आमच्या भागातली हळद म्हणजे काय, हे सांगायला नको. लग्नाला एखादा आला नाही तर चालेल, हळदीला सगळं गाव लागतं. धवलारणी लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणत होत्या, त्यांच्यावर डीजेवाला चढला होता, खारबावहून हळद घेऊन आलेली मंडळी नाचत होती, मिशीवाले काका सगळ्यांत पुढे. जेवणं उरकली आणि गोड म्हणून वाट्या फिरायला लागल्या. गुलाबी पाक, त्यात पांढरे, लुसलुशीत, चौकोनी तुकडे, वरून वेलची. काय चव होती म्हणून सांगू! पहिल्यांदा दाताखाली कुरकुरतं आणि मग विरघळतं. मी दोन वाट्या खाल्ल्या. खारबावचे काका तिसऱ्या वाटीवर होते. हळदीनं पिवळेजर्द झालेले साडू माझ्या शेजारी बसून मिटक्या मारत होते. त्यांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणतात, ती वाढत आली. "आक्का," साडू म्हणाले, "आचारी पक्का आहे हां. हे काय आहे? शहाळ्याची मलई?"

"मना काय ईचारतंस?" आक्का म्हणाली. "तुजीच त हाय. तपेल्यान भिजत घातलेली व्हतीस नं? मना वाटला, आचारी इसरला. कापली, उकलली, पाकान टाकली."

साडूंचा चमचा तोंडाशी थांबला. मी चावायचा थांबलो. मांडवात डीजे वाजत होता आणि समोर अख्खी हळद, पोराबाळांसकट, हर्षूचा अंतरपाट खात होती.

"आक्का," साडू कसेबसे म्हणाले, "तो अंतरपाट होता गं."

"अंतरपाट?" आक्कानं वाटीत बघितलं, मग भावाकडे बघितलं. "मंग सगल्यांना खावाला चालतंय, खावाला चालतंय करून कोन सांगत फिरतंय? मीच सांगतंय का?"

मला हसू आवरेना, अहो काय करू? पोट धरून हसलो. शेजारच्यानं विचारलं काय झालं, त्याला सांगितलं, तो हसला, आणि बघता बघता मांडवभर बातमी पसरली. "सून यायची हाय, अंतरपाट आदीच पोटान गेला!" असं म्हणून काकांनी चौथी वाटी मागितली. हसण्याच्या त्या गदारोळात माझं लक्ष गेलं, तर शेजारची खुर्ची रिकामी.

साडू शेडमध्ये होते. रिकाम्या टाकीच्या काठावर हात ठेवून बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "सगळ्यांना आवडलं हो, साडूभाऊ. वाट्या चाटूनपुसून खाल्ल्या." मग टाकीत बघत, "पण पोरीला मी शब्द दिला होता." हळदीच्या पिवळ्या गालावर पाण्याचा एक ओघळ उतरला. मी या माणसाला जन्मभर चिडवत आलो, पण त्या क्षणी मला त्याची फार माया आली. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात दारात अन्सारीचाचा आले. त्यांच्याही कानावर गेलं होतं. त्यांनी लूमवरून ताजं उतरलेलं पांढरंशुभ्र कापड साडूंच्या मांडीवर ठेवलं. "आप मेरे लूम से परेशान रहे, मैं आपकी टंकी से," चाचा म्हणाले. "मगर बिटिया तो दोनों घर की है. ये रख लीजिए." साडूंनी मान हलवली आणि त्या कापडाची घडी बराच वेळ सारखी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी मांडवात भटजींनी हाक दिली, "अंतरपाट आणा." ताईंनी साडूंकडे बघितलं, साडूंनी जमिनीकडे. त्यांनी चाचांच्या कापडाची घडी पुढे केली, आणि तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेली आमची हर्षू मान वळवून मला म्हणाली, "काका, माझ्या बॅगेत शालूखाली एक गुंडाळी आहे. पळत आणा." मी पळालो. या वयात, धोतरात, जसा जमेल तसा पळालो. गुंडाळी आणली, उलगडली, आणि मांडवातल्या सगळ्या दिव्यांचा उजेड त्यातून आरपार गेला.

"अहो, यातून तर दिसतंय!" भटजी म्हणाले. मग बोट लावून बघितलं आणि झटकन मागे घेतलं. "हे चामडं तर नाही ना?"

"नारळाच्या पाण्याचं आहे," साडूंच्या तोंडून सवयीनं निघालं, "उपासालाही चालेल." लगेच ते भानावर आले. "पण नको, हर्षू. तो नापास झालेला आहे. चाचांचा घेऊ."

"पप्पा, कोरा आहे ना?"

"कोरा आहे."

"कुणाचा हात लागलाय का?"

"आजपर्यंत तुझा न् माझा, बस."

"मग हाच." पोरगी हट्टाला पेटली. भटजी म्हणाले, एकमेकांना दिसता कामा नये, तर ती म्हणाली, आम्ही दोघं डोळे मिटतो. नवऱ्यामुलानं तर ताबडतोब मिटूनही घेतले. सगळे खारबावच्या काकांकडे बघायला लागले. काकांनी मिशीवरून हात फिरवला. "धरा की मंग," ते म्हणाले, "नायतर योबी कोनीतरी खाल." चाचांचं कापड दोघांच्या पाटांवर अंथरलं, म्हणजे तेही लग्नाला लागलं. भटजींनी एक टोक चिमटीत धरलं, दुसऱ्या टोकाला साडू, नवऱ्यामुलाच्या बाजूला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी आजवर खूप लग्नं बघितली, पण नवरा-नवरी दोघंही घट्ट डोळे मिटून, ओठ दाबून हसू आवरतायत आणि मधे उजेडाचा पडदा, असं लग्न बघितलं नाही. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, बाजा वाजला, आणि साडूंनी आपलं टोक सोडायला जरा उशीर केला. भटजींना दोनदा ओढावं लागलं.

पाठवणीला सगळ्या मुली रडतात, हर्षूही रडली, पण मधेच डोळे पुसून म्हणाली, "पप्पा, विरजण?" साडूंनी बरणी आणली. नवा जावई झगमगत्या शेरवानीत ती आंबट बरणी मांडीवर धरून गाडीत बसला, हलू नये म्हणून दोन्ही हातांनी. गाडी निघाली तेव्हा साडू ड्रायव्हरला ओरडून सांगत होते, "खड्डे चुकव रे बाबा, खड्डे चुकव!" भिवंडीत! मला पुन्हा हसू आलं, पण ते नीट फुटलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मी नारपोलीला गेलो. लूम बंद होते. शेडबाहेर चपला काढल्या, चवड्यांवर आत गेलो. टाकी भरलेली होती, वर साय धरत होती, आणि ताई, ज्या शेडमध्ये कधी पाऊल टाकायच्या नाहीत, तिथंच स्टुलावर बसून चहा पीत होत्या. "गोदामवाला आला होता," त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. "जागा रिकामी नाही म्हणून सांगितलं." मी साडूंना विचारलं, आता हा तागा कशाला? "झबल्याला," ते म्हणाले. आमच्याकडे अंतरपाट ज्या कापडाचा, त्याच कापडाचं पहिल्या नातवंडाला झबलं शिवतात. "अहो, पोरीची हळद अजून उतरली नाही!" मी म्हणालो. "एन्झाइमला घाई चालत नाही, साडूभाऊ," ते म्हणाले.

मग काठावरची सुटलेली कड बोटानं चाचपत, माझ्याकडे न बघता बोलले, "वर्षभर झटलो, की यातून दिसू नये. आणि त्या दिवशी टोक धरून उभा होतो ना, तर सगळी मंगलाष्टकं होईतो मला समोर ती दिसत होती. डोळे मिटून हसत होती. लहानपणी झोपल्याचं सोंग करायची, तशी. जाड झाला असता, तर तेवढं बघणं गेलं असतं हो माझं."

ताईंनी कप खाली ठेवला. साडूंनी दोन्ही हातांनी साय उचलली. थर अजून कोवळा होता, पाणी निथळत होतं. त्यांनी ती दाराच्या उजेडात माझ्या न् स्वतःच्या मधे धरली.

"साडूभाऊ," पलीकडून आवाज आला, "दिसतोय का मी?"

"दिसताय," मी म्हणालो.

"मग झालं," ते म्हणाले. "आता जास्त वाढवायचं नाही."